खोऱ्याचा चौथा कागद

१

खणाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली जागेवर होती, आणि चार कागदांच्या जागी तीनच होते.

अभिलेखपालाने ते पुन्हा मोजले. तीनात मोजण्यासारखं काय असतं म्हणा, पण माणूस घाबरला की त्याचा स्वतःच्या बोटांवरही भरवसा राहत नाही. मग तो साहेबांच्या खोलीकडे धावला, आणि साहेबांनी भिंगबाईंना फोन लावला.

भिंगबाई त्याच नकाशा कार्यालयातून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं तिथे नकाशे आखले, शेवटी मुख्य आरेखक झाल्या. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम, म्हणून हे नाव. मागून ओढलेली रेष किंवा दुसऱ्याने मारलेली सही त्या भिंगाखालून सुटत नसे. त्यामुळे निवृत्तीनंतरही कार्यालयात कुठे काही कुजकं लागलं की त्यांना बोलावणं येई.

"बाई, चोरी म्हणायचं नाही," साहेब दार लावून घेत म्हणाले. ते नवे होते, वयाने भिंगबाईंच्या निम्मे. "सध्या आपण 'सापडत नाही' म्हणू."

"म्हणा की. तसं म्हटल्याने सापडला तर माझी फेरी वाचेल."

हरवला होता तो गुरांच्या खोऱ्याचा चौथा कागद. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्या खोऱ्याची पहिली मोजणी झाली. तिपाईवर फळा मांडायचा, फळ्यावर कागद, आणि समोरचे डोंगर, ओढे, वाटा तिथल्या तिथे पेन्सिलीने उतरवायच्या, अशी तेव्हाची रीत. अशा चार कागदांत ते खोरं मावलं. छापील नकाशे त्यांच्यावरूनच निघाले, ते कुणालाही मिळत. मूळ कागद मात्र एकुलता एक, पातळ पत्र्यावर चिकटवलेला, उघड्या वर्तमानपत्राएवढा. त्याची ना घडी होत होती, ना गुंडाळी.

"गुरुवारी न्यायालयात तो हजर करायचाय," साहेब म्हणाले. "वरच्या कुरणातल्या झऱ्याचा तंटा आहे. आणि शनिवारी मास्तरांचा सत्कार! अभिलेख दालनाला त्यांचं नाव द्यायचंय. त्यांनीच काढलेला कागद, आणि तोच गायब. मी तोंड कुठे लपवू?"

मास्तर हे नाव ऐकून भिंगबाई सरळ बसल्या. चाळीस वर्षांपूर्वी पेन्सिल कशी धरायची हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं. वय चौऱ्याऐंशी, तरी सत्काराच्या निमित्ताने भरायच्या प्रदर्शनासाठी गेला महिनाभर ते रोज कार्यालयात येत होते.

बाहेरच्या पडवीत सुतार प्रदर्शनाच्या चौकटी टांगत होता. ठोक-ठोक चालली होती आणि तोंडही चाललं होतं. "सात चौकटी एकेका खिळ्यावर निमूट राहिल्या. ही आठवी महाराणी! दोन खिळे मागते."

भिंगबाई त्याला ओलांडून अभिलेखांच्या खोलीत गेल्या.

२

खोलीला दार एकच. खिडक्यांना जाळी. फाटकावर पहारेकरी, आणि तो असा की स्वतःच्या सासऱ्याचीही पिशवी उघडून बघेल.

"पंधरा दिवसांत पत्र्याएवढं काही बाहेर गेलं?" भिंगबाईंनी त्याला विचारलं.

"बाई, ताटाएवढंही नाही गेलं."

पंधरा दिवसांपूर्वी अभिलेखपालाने धूळ झटकली तेव्हा चारही कागद जागेवर होते. भिंगबाईंनी उरलेले तीन टेबलावर घेतले. भिंगाखाली ते जुने कागद जिवंत झाले. जिथे जिथे फळा मांडला होता, तिथे तिथे सुईचं एकेक भोक. त्या भोकांतून निघालेल्या पुसट रेषा. एका कडेला पावसाचा थेंब सुकलेला. तरुण मास्तर उन्हापावसात कुठे कुठे उभे राहिले, ते त्या भोकांवरून मोजता येत होतं.

मग त्यांनी नोंदवही मागवली. चौथा कागद खणाबाहेर काढल्याची शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची होती. प्रमाणित प्रत काढण्यासाठी. खाली सही भिंगबाईंचीच होती. ती पाहून त्यांनी पान उलटलं.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक साहेबांकडे, एक माझ्याकडे," अभिलेखपाल म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"आणि चहाला जाताना तुझी कुठे असते?"

तो पुटपुटला, "खणालाच."

"न्यायालयाचं पत्र आलेलं कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"साहेबांना, मला आणि मास्तरांना. साहेबांनी मास्तरांना वाचून दाखवलं. कागद त्यांचा म्हणून, मानाने."

"झऱ्यासाठी भांडणाऱ्या खोऱ्यातल्या मोठ्या मालकांना तू ओळखतोस?"

"नाही."

भिंगबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या असतील तोच मागून रडवेला आवाज आला.

"बाई, नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो. माझा मेहुणा त्यांच्याच गोठ्यावर कारभारी आहे."

३

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भिंगबाई खोऱ्यात उतरल्या. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, मध्ये वाळकं गवत, आणि नजर जाईल तिथवर तांबडी गुरं. वरच्या कुरणात शिरणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण होतं.

मोठे मालक गोठ्याच्या ओट्यावर वासराच्या पायाला पट्टी बांधत होते. प्रश्न ऐकून त्यांनी मानही वर केली नाही.

"मी कशाला चोरू? छापील नकाशात झरा काळ्या धोंड्याच्या पूर्वेला आहे. पूर्व माझी, पश्चिम खालच्या घरच्यांची, असं वाटणीपत्रात लिहिलंय. मूळ कागदही तेच सांगणार ना? तो मागवायचा अर्ज माझ्याच वकिलाने केलाय. जाऊन विचारा." त्यांनी गाठ मारली. "आपल्याच बाजूचा साक्षीदार कुणी पळवून लावतं का?"

हे म्हणणं बिनतोड होतं. भिंगबाईंनी मेहुण्याचं नाव मनातल्या यादीतून खोडलं.

"पण झरा प्रत्यक्षात आहे कुठे?"

आता मालकांनी मान वर केली. "आज म्हणाल तर धोंड्याच्या पश्चिमेला. म्हणून काय झालं? पाणी सरकतं. बारा वर्षांपूर्वी तुमच्याच मास्तरांनी शपथेवर सांगितलं. झरे तोंड बदलतात, नकाशातला झरा तोच हा. तो मला मिळाला आणि कुंपण पुढे सरकलं."

कुंपणाच्या खालच्या अंगाला दोन खोल्यांचं घर होतं. तिथे एक सून आणि तिची म्हातारी सासू राहत. सून चाळिशी ओलांडलेली, हात दोरखंडासारखे. तिने बसायला सांगितलं नाही.

"नकाशाच्या कार्यालयातून आलात? बारा वर्षांपूर्वीही असेच आले होते. झरा पहिल्यापासून पश्चिमेला, आमच्या बाजूला, तरी गेला. मग ह्यांनी घरामागे विहीर खणायला घेतली. बाविसाव्या हातावर कड ढासळली. पाणी लागलं नाही, माणूस गेला." तिने हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "आता तो मूळ कागद बघायला मिळेल म्हणून मी तंटा पुन्हा उभा केला, तर म्हणे हरवला."

आतून म्हातारीचा आवाज आला. "कोण गं? नकाशेवाला का?"

"नाही आई, त्यांच्यातल्या बाई आहेत."

म्हातारी काठी टेकत बाहेर आली. डोळे अधू होते, आठवण मात्र लख्ख. "तो नकाशेवाला पोरगा नऊ दिवस आमच्याकडे तापाने पडून होता. थंडी तोंडावर आलेली. ह्यांनी त्याला पाठीवर घालून आणलं. मी दूध पाजलं. नाव काय त्याचं, मला कधी नीट घेताच आलं नाही. बरा होऊन गेला. पुढे न्यायालयात तोच साक्षीला! ह्यांनी हात वर करून विचारलं, 'साहेब, ओळखलंत का?' तो म्हणाला, 'नाही.'"

भिंगबाई पुढे झाल्या. "आजी, त्या नऊ दिवसांत झऱ्याबद्दल काही बोलणं झालं होतं?"

"झालं की. त्याने खाटेवरूनच विचारलं, वर पाणी कुठे आहे. हे म्हणाले, काळ्या धोंड्याच्या उजव्या हाताला."

भिंगबाईंनी अंगणातूनच वर पाहिलं. उत्तरेला डोंगर, मध्ये काळा धोंडा. उजवा हात म्हणजे पूर्व, मोठ्या मालकांची बाजू. नकाशातही तेच होतं.

म्हणजे घरच्या म्हाताऱ्यानेच स्वतःच्या तोंडाने झरा पूर्वेला सांगितला होता. नकाशा बरोबर होता. मग दारात उभी असलेली ती विधवा इतकी वर्षं खोटं बोलत होती की काय?

४

बुधवारी सकाळी भिंगबाई घरी चहा घेत बसल्या होत्या. चहा गार झाला तरी पेला हातातच. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याजवळच राहत असे, आणि बोलताना श्वास घेण्याचा तिला कंटाळा होता.

"ताई, नळवाला आलाय. त्या कपाचं काहीतरी कर, नाहीतर माशीला तरी दे." आणि मग मोठ्याने, "अहो, स्वयंपाकघरातला उजवा नळ! उजवा!"

आतून धो धो पाणी वाहू लागलं आणि धाकटीने कपाळावर हात मारला. "चांगला उघडून ठेवला मेल्याने! उजवा म्हटलं ना?"

"बाई, मी दारातून आलो. माझा हा उजवा."

"मी ओट्याशी उभी असते ना! ओट्याकडे पाठ करून बाहेर बघायचं, तो उजवा!"

भिंगबाईंनी पेला खाली ठेवला. फोन उचलला आणि खोऱ्यातल्या घरी लावला. सुनेने घेतला.

"सासूबाईंना एवढंच विचार. तुमच्याकडे उजवा हात म्हणतात तो कुठे तोंड करून?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग सून म्हणाली, "त्यात काय विचारायचं? पाणी जिकडे जातं तिकडे. गुरं घेऊन खाली उतरताना जो उजवा तो उजवा. आम्ही डोंगराला पाठ देऊनच बोलतो."

पाणी दक्षिणेला जात होतं. दक्षिणेला तोंड केल्यावर उजवा हात पश्चिमेला येतो.

म्हातारा खरं बोलला होता. सूनही खरं बोलत होती. ऐकणाऱ्याने खाटेवर पडून, डोंगराकडे बघत, तो शब्द आपल्या उजव्या हाताने घेतला होता. पण ज्याने वर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी झरा पाहिला, त्याला कुणाचा उजवा-डावा विचारायची गरज काय?

तासाभरात त्या कार्यालयात होत्या. त्या वर्षीची मोजणीवही अजून कपाटात होती. पहिल्या तीन कागदांच्या पानांवर शाईचे डाग, खाडाखोड, वैतागून लिहिलेले शेरे. तीन ठिकाणांहून कोन मोजले की त्रिकोण कधीच नेमका मिटत नाही. थोडा फरक राहतोच, कधी दोन हात, कधी पाच. तो तिथे प्रामाणिकपणे लिहिलेला होता.

चौथ्या कागदाची पानं मात्र स्वच्छ होती. एका दौतीची शाई, एका बैठकीचं अक्षर. आणि प्रत्येक त्रिकोणापुढे फरक शून्य. शून्य. शून्य.

चाळीस वर्षांपूर्वी तरुण भिंगबाईंनी अशीच शून्यं अभिमानाने दाखवली होती, आणि वही त्यांच्या अंगावर भिरकावली गेली होती. "शून्य फरक फक्त घरी बसलेल्याचा येतो, पोरी! डोंगरावर गेलेल्याचा नाही."

ते शब्द मास्तरांचे होते.

भिंगबाई वही मिटून बसून राहिल्या. कागद बाहेर गेला नाही. ज्या तिघांना पत्र ठाऊक होतं, त्यांतल्या साहेबांना तो हजर करायची घाई होती आणि अभिलेखपालाची नोकरी त्याच्यावर टांगलेली होती. तो कुणी बघू नये अशी गरज एकालाच होती. आणि तो त्याने फाडला नसणार. स्वतःच्या हाताने काढलेला कागद फाडणं मास्तरांना जमलं नसतं. त्यांनी तो जपून ठेवला असणार, अशा जागी, जिथे नकाशा असण्याचं कुणालाच नवल वाटणार नाही.

पडवीत आता शांतता होती. चौकटींच्या रांगेपाशी सुतार हत्यारं आवरत होता.

"दादा," भिंगबाई म्हणाल्या, "ती दोन खिळ्यांची महाराणी जरा खाली उतरवता?"

५

चौकट उलटी टेबलावर ठेवली. सुताराने मागचे चार खिळे काढले. पुठ्ठा निघाला, आणि पुठ्ठ्याखाली पत्र्याची कड चमकली. साहेबांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. छापील नकाशाच्या पाठीला पाठ लावून चौथा कागद तिथे निजला होता. दुमडू नये, घासू नये म्हणून मध्ये मऊ कापड घातलेलं होतं.

भिंगबाईंनी तो खिडकीपाशी नेला. खालच्या भागात सुईची भोकं होती, एकोणीस. वरच्या भागात काळा धोंडा होता, झरा होता, कड्यांच्या रेषा एकीमागून एक सुबक वळल्या होत्या. इतका देखणा भाग चारही कागदांत नव्हता. आणि त्यात एकही भोक नव्हतं.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे इथे फळा कधी मांडलाच नाही. हे ऐकून काढलंय."

"कुणी काढलं हे मी विचारत नाही, बाई," साहेब हळूच म्हणाले. "आपण असं करू. गुरुवारी कागद हजर करू. भोकांचं कुणी विचारलं तर बघू. शनिवार पार पडू दे."

"आणि कुणी विचारलं नाही तर?"

साहेब टेबलावरचे खिळे गोळा करू लागले. भिंगबाई पिशवी उचलून निघाल्या.

मास्तरांची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती. टेबल, खाट, भिंतीभर नकाशे. मास्तर सत्काराचं भाषण लिहीत बसले होते. भिंगबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"चौकट उघडलीस."

"तुम्ही वर गेलाच नव्हता, मास्तर."

"पाय थरथरत होते. थंडी पडणार होती. कागद अपुरा गेला असता तर माझी पहिलीच नेमणूक रद्द. सव्वीस वर्षांचा होतो." ते खिडकीबाहेर बघत होते. "वाटलं होतं, पुढच्या वर्षी जाऊन दुरुस्त करीन. पुढच्या वर्षी त्याच कागदासाठी पदक मिळालं. मग कसा जाणार?"

"ते तेव्हाचं झालं. बारा वर्षांपूर्वी तुम्ही शपथेवर साक्ष दिलीत. त्याने ओळख विचारली, ती नाकारलीत. ज्याने पाठीवर घालून आणलं त्याला!"

"ओळखतो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठे ओळख झाली. किती दिवस पडून होतात."

"त्यांचा मुलगा विहिरीत गेला. तुम्हाला ठाऊक होतं?"

"वर्तमानपत्रात वाचलं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी मान वळवली, आणि त्यांच्या आवाजाला धार आली. "मला विचारतेस तशी स्वतःलाही विचार. बारा वर्षांपूर्वी न्यायालयात गेलेल्या प्रमाणित प्रतीवर सही कुणाची? 'मूळ कागदाशी ताडून पाहिले' असं लिहून खाली कुणी सही केली?"

भिंगबाईंचा हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला.

"मूळ कागद तुझ्या टेबलावर होता," मास्तर म्हणाले. "भिंग गळ्यात होतं. निवृत्त असूनही प्रत मी येऊन काढली, तू नुसती सही केलीस. भोकं तेव्हाही नव्हती, पोरी."

"तुम्ही म्हणालात, मी काढलेला कागद तू काय ताडणार."

"आणि तू ऐकलंस." मास्तरांनी भाषणाचा कागद पुढे ओढला. "आता न्यायालयात माझं नाव घेशील तर तुझंही घ्यावं लागेल. विचार कर. कागद मी जाळला नाहीये. मी गेल्यावर काय ते कर. फार दिवस नाही लागायचे."

६

गुरुवारी न्यायालयाच्या बाकांवर एका बाजूला मोठे मालक बसले होते, दुसऱ्या बाजूला सून आणि सासू. मास्तर मागच्या बाकावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते.

भिंगबाईंनी कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. आपलं भिंगही काढून त्यांच्या हातात दिलं. खालची एकोणीस भोकं दाखवली आणि वरचा बिनभोकांचा भाग दाखवला. मोजणीवहीतली शून्यं दाखवली. उजव्या हाताची गोष्ट सांगितली. नाव विचारलं तेव्हा मास्तरांचं सांगितलं, आवाज न चढवता.

"आणि मागच्या वेळी हे लक्षात कसं आलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"प्रत ताडायचं काम माझं होतं. मी ताडली नाही. न बघता सही केली." त्यांनी न्यायाधीशांच्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं. "माणसावर विश्वास होता, असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर त्यांना नाराज करायची हिंमत नव्हती."

सुनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. परवा अंगणात उभी होती ती बाई कोण, हे तिला आत्ता कळत होतं.

छापील नकाशाचा वरचा भाग पुराव्यातून बाद झाला. नवी मोजणी होईपर्यंत कुंपण मागे घ्यायचा हुकूम निघाला. मोठे मालक वकिलावर डाफरत बाहेर पडले. बाकं रिकामी होऊ लागली. सुनेचा हात धरून म्हातारी दाराकडे निघाली, आणि मागच्या बाकापाशी थबकली. इतक्या जवळून तिला माणूस ओळखू येत असावा.

"तूच ना तो नकाशेवाला?"

मास्तर उठून उभे राहिले.

"पुन्हा कधी ताप नाही ना आला?" म्हातारीने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मास्तर तसेच खाली बसले. सुनेने सासूला पुढे ओढलं. "चला आई."

शनिवारचा सत्कार झाला नाही. पडवीतल्या चौकटी उतरल्या. साहेबांनी भिंगबाईंना पुन्हा फोन केला तो महिन्याने, आणि तोही तुटक. वरच्या कुरणाची नवी मोजणी करायची होती, आणि जुना कागद वाचता येईल असं दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांचं दार त्या दिवसापासून भिंगबाईंना उघडलं नाही. दोनदा त्यांनी कडी वाजवली. आत काठीचा आवाज झाला आणि थांबला.

मोजणीला भिंगबाई कार्यालयातल्या दोन माणसांना घेऊन गेल्या. आता तिपाईवर यंत्र होतं, तरी चालायचं तेवढं चालावंच लागलं. सकाळी घरापासून निघून, कडेकडेने चढून, त्या काळ्या धोंड्यापाशी पोचल्या. धोंड्याच्या पश्चिम अंगाला, खडकाला पडलेल्या जुन्या भेगेतून झरा वाहत होता. भेगेच्या कडा पाण्याने गुळगुळीत झाल्या होत्या. तशा गुळगुळीत व्हायला शेकडो वर्षं लागतात. तो झरा कधीच सरकलेला नव्हता. हे बघायला मोजणीही लागत नव्हती, नुसतं इथवर यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम आटोपलं. माणसं यंत्र पेटीत भरू लागली. सून गुरं घेऊन पाण्यावर आली होती. दोन दिवस ती एक शब्द बोलली नव्हती, चहाचंही विचारलं नव्हतं. भिंगबाईंची तशी अपेक्षाही नव्हती. गुरांनी पाण्यात तोंडं घातली तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

"झालं?"

"झालं."

"सगळं? धोंडा, झरा, वरचे कडे?"

"सगळं."

सुनेने हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं. "काल सकाळी आलात. आज दुपार झाली."

"हो," भिंगबाई म्हणाल्या.

"दीड दिवसाचं काम," सून म्हणाली.

भिंगबाईंना काहीतरी बोलायचं होतं. दोन दिवस चढ-उतार करताना त्यांनी ते मनात जुळवलं होतं. सुनेने वाट पाहिली नाही. तिने काठीने पुढच्या गाईला हलकेच टोचलं, आणि गुरं हाकत ती खाली उतरू लागली.